ग्लासातले पाणी

सिरिल हॅथरेलने एकामागून एक कुत्री पाळली, आणि नेदरकोम्ब गावाचा समज असा होता की एकट्या माणसाला सोबत हवी म्हणून तो ती पाळतो. समज चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. संध्याकाळी चुलीपाशी बसून जेवत असताना कुठे काही वाजले, तर सिरिल दाराकडे किंवा खिडकीकडे पाहत नसे. तो आधी कुत्र्याच्या कानांकडे पाही. कान हलले, तर आवाज जगातला होता. मग तो पुन्हा जेवू लागे. कान हलले नाहीत, तर तो चमचा खाली ठेवी आणि थांबे. कुत्रा हा त्याचा साक्षीदार होता. ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नव्हती, कारण ती सांगायची तर तिच्या मागची दुसरी गोष्ट सांगावी लागली असती.

सिरिल शाळेत जायच्या वयाचा असताना त्याच्या आईला धुराड्यातून तिच्या मेलेल्या भावाचा आवाज येऊ लागला. ती घाबरली नाही. तिने भावाला शांतपणे उत्तरे दिली, त्याच्यासाठी ताट मांडले, आणि एका सकाळी दोन माणसे येऊन तिला घेऊन गेली. गावाच्या उत्तरेला उघड्या गवताळ डोंगराची धार होती आणि वेड्यांचे इस्पितळ तिच्या पलीकडे होते. त्यामुळे नेदरकोम्बमध्ये ‘डोंगरापलीकडे गेली’ या शब्दांना एकच अर्थ होता. ज्यांना खरोखरच पलीकडच्या बाजाराला जायचे असे, ते ‘बाजाराला जातो’ असे म्हणत आणि डोंगराचे नाव टाळत. सिरिलसमोर कोणी आईचा विषय काढला नाही. शेजारणी घरी भाजलेले खाणे आणून देत, वडिलांना मेंढ्यांचे विचारत, आणि परत जात. गावाचा चांगुलपणा न बोलण्यात होता. या चांगुलपणाने पुढे एका माणसाचे किती नुकसान केले, याचा हिशेब गावाला कधीच मांडता आला नसता, कारण नुकसान करणारे आणि जपणारे मौन एकच होते.

चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा होत्या. प्रत्येक घंटेला एक माणूस आणि प्रत्येक माणसाला एक दोर. त्या एका ठरलेल्या क्रमाने सुरू करायच्या आणि मग दर फेरीला क्रम बदलत न्यायचा, कोणाचीही जागा न चुकता. यात सूर नसतो, गाणे नसते; असते ते केवळ स्वतःची जागा ओळखणे. सर्वांत लहान घंटा सुरुवात करते आणि ती वाजवणाऱ्याने इतरांना तीन शब्दांत सावध करायचे असते. नेदरकोम्बमध्ये ते शब्द आयरिस पिनेल म्हणे. ती सुताराची मुलगी. दोराला हात घालून, छपराकडे न पाहता ती म्हणे, ‘‘सांभाळा. निघाली. गेली.’’

‘‘तू ‘गेली’ म्हणायच्या आधीच गेलेली असतेस,’’ एका दोरावर असणारा सिरिल एकदा जिना उतरताना म्हणाला. ‘‘दर वेळी केसभर लवकर.’’

‘‘आणि तू दोराकडे बघायचं सोडून माझ्या हाताकडे बघतोस.’’

‘‘दोर हातातच आहे की.’’

‘‘मग हात सोड आणि दोर बघ, सिरिल हॅथरेल.’’

‘‘लग्न झाल्यावर सोडीन.’’

‘‘कोणाचं लग्न?’’ ती म्हणाली आणि उरलेल्या पायऱ्या धावत उतरली. यानंतर त्या दोघांचे ठरले आहे असे गावाने गृहीत धरले, आणि त्यांनीही.

मग सिरिलचे सक्तीच्या लष्करी सेवेचे बोलावणे आले. सर्व तरुणांना ते येतच असे. नव्या राणीच्या राज्याभिषेकाच्या आधीच्या वसंतात तो छावणीत होता. एका सकाळच्या हजेरीला सार्जंटने सांगितले की सरकार सर्दीवर औषध शोधते आहे आणि त्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत. जे येतील त्यांना चार पैसे वरकड आणि शनिवार-रविवारची सुट्टी.

‘‘सर्दी नसली तर, सार्जंट?’’ रांगेतून होरेस टिबिट्सने विचारले. हा बर्मिंगहॅमकडच्या साखळ्यांच्या कारखान्यातला, तोंडाने सैल मुलगा होता.

‘‘नसली तर देतील, टिबिट्स. सरकार आहे.’’

सगळे हसले, आणि हसता हसता काही हात वर गेले. त्यांत सिरिलचा हात होता. राज्याभिषेकाच्या दिवशी नेदरकोम्बच्या सहाही घंटा बराच वेळ वाजवायचे ठरले होते आणि त्याला सरावासाठी घरी जायचे होते. त्याने हात स्वतःहून वर केला, हे खरे आहे. पुढे ज्यांनी ज्यांनी या प्रकाराचे समर्थन केले त्यांनी हाच हात पुढे केला. पण ज्याला सैन्यात यायचे की नाही हे विचारले गेले नव्हते, त्याला तिथून दोन दिवस सुटायचे का एवढेच विचारले गेले, आणि त्याच्या होकाराला स्वेच्छा असे नाव दिले गेले. शिवाय त्याने होकार दिला होता तो सर्दीला.

ते संशोधनकेंद्र तारेच्या कुंपणाआड उघड्या माळावर होते. ट्रक चढण चढू लागला तेव्हा सिरिलने वळण ओळखले. केंद्र डोंगरापलीकडे होते. त्याच्या गावच्या डोंगराच्या.

पांढरा डगला घातलेल्या मेजरने त्यांना एका खोलीत बसवून शांत, विनयशील आवाजात समजावले. ‘‘तुमच्यातल्या काहींना औषध मिळेल आणि काहींना साधं पाणी. कोणाला काय, ते आम्ही सांगत नसतो. त्यामुळेच निकाल खरा लागतो.’’ मग त्यांनी सह्या केल्या. इथे जे घडेल ते बाहेर कोणालाही सांगायचे नाही, असे बंधन होते. त्यानंतर प्रत्येकाला वेगळ्या खोलीत नेले. सिरिलला ग्लास दिला. त्याने तो संपवला. त्याला कसलीही चव नव्हती, वास नव्हता. पाणीच की, असे त्याच्या मनात आले, आणि औषध आपल्या वाट्याला आले नाही म्हणून तो थोडा हिरमुसला.

काही वेळाने टेबलाच्या लाकडातल्या रेषा गावच्या ओढ्यासारख्या वाहू लागल्या. भिंत छातीसारखी फुगू आणि बसू लागली. मेजरने विचारले, काय दिसते आहे? सिरिल सांगू लागला, कारण त्याला सांगायला सांगितले होते. इतपत तो नुसता चकित होता. मग खोलीच्या कोपऱ्यातल्या गरम पाण्याच्या नळीतून त्याच्या आईचा आवाज आला. आवाजात काही भयानक नव्हते. ती म्हणत होती, ‘‘सिरिल, दोरीवरचे कपडे आत घे. आभाळ आलंय.’’

आणि तो म्हणाला, ‘‘घेतो, आई.’’

हे उत्तर त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले. त्याची आई भावाला जसे शांतपणे, घरच्या सुरात उत्तर देई, तसेच तो देऊन बसला होता.

‘‘कोणाशी बोललात?’’ मेजरने विचारले.

‘‘कोणाशी नाही, सर.’’

मेजरने मान हलवली आणि काहीतरी लिहिले. त्यापुढे सिरिल काहीही सांगेना. त्याने दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि ओठ मिटून दिवस काढला. दुसऱ्या दिवशी त्याची नाडी पाहून त्याला सुट्टी दिली. ट्रकमध्ये होरेस काही सांगायला लागला, तेव्हा सिरिलने तोंड फिरवून झोपल्याचे सोंग घेतले. आपल्याला पाणी मिळाले आणि पाण्यावर आपण काय केले, हे कोणाला कळू द्यायचे नव्हते.

कारण पाण्याने कोणाला आवाज ऐकू येत नाहीत. तेव्हा जे आले ते आपल्यातूनच आले, आईकडून आले, आणि ते पुन्हा येणार. या तर्कात दोष नव्हता. एकोणीस वर्षांच्या मुलाने तो नेकीने केला होता. दोष होता तो ज्या विधानावर तो उभा होता त्यात, आणि ते विधान त्याला अशा माणसाने पुरवले होते ज्याच्यावर अविश्वास ठेवायला तो कुठेच शिकला नव्हता.

राज्याभिषेकाच्या दिवशी पाऊस होता. आयरिस म्हणाली, ‘‘सांभाळा. निघाली. गेली.’’ घंटा सुरू झाल्या. फेऱ्या चांगल्या चालल्या होत्या. मग सर्वांत मोठ्या घंटेच्या घुमण्यात सिरिलला दुसरे काही ऐकू येईल की काय, अशी भीती वाटली. ऐकू काहीच आले नाही. नुसती भीती पुरेशी झाली. त्याने जागा सोडली, शेजारच्याचा टोला त्याच्या टोल्यावर आदळला, आणि मनोऱ्यातून भांडी फेकल्यासारखा आवाज निघू लागला. घंटा वाजवणाऱ्यांच्या म्होरक्याने ‘‘थांबा’’ म्हटले. खाली झेंडे हातात घेऊन उभे असलेले गाव वर पाहत राहिले. सिरिलने दोर बांधला आणि कोणाकडेही न पाहता जिना उतरला. आयरिसचा चेहरा लाल झालेला त्याला दिसला होता. तो का लाल झाला याचा विचार त्याने केला नाही.

लष्करी सेवा संपल्यावर तो आयरिसला ओढ्याच्या फाटकापाशी भेटला.

‘‘मी लग्न करणार नाही.’’

‘‘माझ्याशी, का कोणाशीच?’’

‘‘कोणाशीच.’’

‘‘असं म्हणणं सोपं असतं,’’ आयरिस म्हणाली. ती थोडा वेळ थांबली. त्याला अजून काही बोलायचे असेल, तर त्याला जागा मिळावी म्हणून थांबली. त्याला बोलायचे होते. पण सही होती, आणि सहीपेक्षा मोठे ते गावचे मौन होते, ज्यात तो वाढला होता. तिच्या लेकरांच्या रक्तात आपण काय मिसळणार होतो, हे तो कोणत्या शब्दांत सांगणार होता?

आयरिसने पलीकडच्या गावातल्या फ्रँक नावाच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याशी लग्न केले. सिरिलने मनोरा सोडला आणि परगण्याच्या रस्ते खात्यात नोकरी धरली. त्याच्याकडे रस्त्याचा एक ठरावीक पट्टा होता. त्यावरची गटारे उपसायची, कुंपणे छाटायची, हिवाळ्यात वाळू टाकायची. दिवसभर कोणाशी बोलायची गरज नसे, आणि म्हणूनच त्याने ती नोकरी निवडली होती. महिन्यातल्या एका रविवारी तो डोंगरापलीकडे आईला भेटायला जाई. ती खिडकीपाशी मांडीवर हात ठेवून बसलेली असे. मुलगे आईकडे ज्या नजरेने पाहतात, तिच्यात आणखी एक नजर मिसळून तो तिच्याकडे पाही: माणूस आपल्याला वारशाने मिळणार असलेल्या घराकडे पाहतो, ती.

आई वारली. तिला नेले तेव्हा तिचे जे वय होते, ते सिरिलने ओलांडले. वेड आले नाही. त्याने याचा अर्थ ते उशिरा येणार असा घेतला आणि पहारा चालू ठेवला. रेडिओ घरात ठेवला नाही, कारण एकट्या घरात माणसाचा आवाज नको होता. कुत्रे म्हातारे झाले की तो दुसरे आणी. अशा रीतीने, स्वतःच्या शहाणपणाची राखण करता करता, तो निवृत्त झाला.

त्याची शेवटची कुत्री फ्लॉस बहिरी झाली, त्याच शरद ऋतूत होरेस टिबिट्स दारात उभा राहिला. तो जाड झाला होता आणि हातात काठी होती.

‘‘घंटावाल्या,’’ तो म्हणाला. ‘‘अर्ध्या विल्टशर परगण्यातल्या पाद्र्यांना फोन केले मी तुझ्यापायी. प्रत्येक जण आधी देणगी मागतो.’’

सिरिलने त्याला आत घेतले, चहा टाकला. होरेस टोपी गुडघ्यावर ठेवून बोलू लागला. त्या सर्दीच्या प्रयोगांची चौकशी सुरू झाली होती, वर्तमानपत्रांत येत होते, जुने लोक साक्षी देत होते. ‘‘सर्दी कसली बोडक्याची. शत्रूने आपल्या सैन्याला असलं भास घडवणारं काही पाजलं तर सैन्य काय करेल, ते बघत होते. मी काय केलं माहीत आहे? भिंतीतून घोडे आले माझ्या. बिअरच्या गाडीचे असतात ना, तसले केसाळ पायांचे. मी त्यांना गाजर मागत होतो मेजरकडे. दोन दिवस हसत होतो.’’

‘‘तू हे सांगितलंस लोकांना?’’

‘‘दर शनिवारी पबमध्ये.’’

‘‘सही केली होती आपण.’’

‘‘केली होती. म्हणून काय बिअर पिताना पाळायची? तसंही कोणी कधी विश्वास ठेवला नाही. गुपित अगदी सुरक्षित राहिलं.’’

सिरिल चहाकडे पाहत होता. मग त्याने प्रश्न विचारला, तो दुसऱ्या कोणाबद्दल असावा तसा.

‘‘आणि ज्यांना पाणी दिलं, त्यांचं काय झालं?’’

‘‘पाणी?’’

‘‘काहींना पाणी होतं. मेजर म्हणाला होता.’’

‘‘अरे, पाणी कुणालाच नव्हतं,’’ होरेस म्हणाला. ‘‘चौकशीवाल्यांनी मला सांगितलं. मेजरच्या हाताखालचा माणूस अजून जिवंत आहे, त्याचं म्हणणं. त्या दिवशी सगळ्या ग्लासांत होतं ते औषध. पाण्याची थाप मारायची म्हणजे पोरं निमूट पितात. चव नसते त्याला. वास नाही, चव नाही, काही नाही.’’

सिरिल उठला, आणि उठल्यावर काय करायचे ते न सुचल्याने त्याने भरलेली किटली पुन्हा भरली.

‘‘तुला काय दिसलं होतं?’’ होरेसने मऊ आवाजात विचारले. ‘‘चौकशीला अजून एक माणूस हवाय. तू येशील?’’

‘‘येईन. आधी एके ठिकाणी सांगायचंय.’’

आयरिस विधवा होऊन गावात परतली होती. चर्चमागच्या छोट्या घरांच्या रांगेत ती राहत होती, आणि तिने मनोऱ्यात जाऊन लहान घंटा वाजवणे पुन्हा सुरू केले होते. रस्त्यात भेटली की दोघे हवेविषयी बोलत.

‘‘ये,’’ ती म्हणाली. ‘‘कुत्रीला बाहेर ठेवतोयस का?’’

‘‘बहिरी आहे. मागनं येते.’’

त्याने सांगितले. ग्लास, नळी, कपडे आत घेण्याचे ते वाक्य, आपले उत्तर, आणि पाण्याबद्दलची आपली समजूत. एवढे सलग तो आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि ते बोलणे चांगले झाले नाही. त्याला मागे जाऊन पुन्हा पुन्हा सुरुवात करावी लागली.  तो थांबल्यावर आयरिसने हातातला कपडा घडी करून टेबलावर ठेवला.

‘‘मला वाटत होतं, मीच लवकर सोडली,’’ ती म्हणाली.

‘‘काय?’’

‘‘घंटा. राज्याभिषेकाला. पावसाने हात ओले होते माझे. पहिला टोला लवकर पडला आणि सगळं बिघडलं, असंच मी धरून बसले. साऱ्या गावासमोर तुझं हसं झालं माझ्यामुळे, म्हणून तू मला सोडलंस. फ्रँकलासुद्धा मी हेच सांगितलं होतं.’’

‘‘तू नेहमीच लवकर सोडतेस, आयरिस. आम्ही ते धरूनच वाजवायचो.’’

ती हसली नाही, पण तिच्या तोंडाची कड जराशी हलली. मग ती पुन्हा स्थिर झाली.

‘‘तुझ्या आईचं मला माहीत होतं. साऱ्या गावाला होतं. मीही विचार केला होता तेव्हा. करून ठरवलं होतं.’’

‘‘काय ठरवलं होतंस?’’

‘‘ते आता कशाला,’’ आयरिस म्हणाली. ‘‘फाटकापाशी विचारलं असतंस तर सांगितलं असतं. मी थांबले होते.’’ मग, जास्त कोरड्या आवाजात, ती म्हणाली, ‘‘फ्रँक चांगला माणूस होता, सिरिल. माझा संसार चांगला झाला. तू आज हे घेऊन आलास म्हणून मी तो कमी धरणार नाही.’’

‘‘नाही. धरू नकोस.’’

‘‘तुझं मात्र,’’ ती म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडून तिने त्याच्यासमोर केकची बशी सरकवली.

सिरिलने साक्ष दिली. चौकशीतला तरुण अधिकारी सभ्य होता आणि त्याने सर्व लिहून घेतले. अजून काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावर सिरिल म्हणाला की सांगायचे काही नाही, पण एक विचारायचे आहे: औषध पाजायचेच होते तर पाजावे, पण पाणी आहे असे का सांगितले? अधिकाऱ्याने तेही लिहून घेतले. त्याचे उत्तर कधी आले नाही. औषधाने शरीराला काही इजा झाली का, हे तपासण्याची सोय कायद्यात होती. एका माणसाला त्याच्याच मनावर आयुष्यभर पहारा करायला बसवणे, याला बसेल असे कलम कोणाला सापडले नाही. मेजर केव्हाच मेला होता.

सिरिलचे दिवस होते तसेच राहिले. आता तो राखत असलेली वस्तू चोरीला जाणारच नव्हती, हे त्याला कळले होते. पण पहारेकऱ्याला दुसरे काही येत नव्हते. रात्री घर पूर्वीइतकेच रिकामे असे. पूर्वी त्या रिकामेपणाला निदान कारण होते.

त्यानंतरच्या मंगळवारी, सरावाच्या संध्याकाळी, तो बटाटे सोलत होता. फ्लॉस चुलीपुढे झोपली होती. कुठून तरी घंटेचा आवाज आला आणि सिरिलने सवयीने तिच्या कानांकडे पाहिले. कान हलले नाहीत. सुरी हातात धरून तो थांबला.

मग फेरी पुन्हा सुरू झाली. सहा घंटा एकामागून एक उतरल्या, आणि त्यांतली पहिली केसभर लवकर पडली. पुढच्या फेरीतही तसेच झाले. सिरिलने कुत्रीवरची नजर काढली, पुढचा बटाटा उचलला, आणि उठून खिडकी थोडी उघडी केली.